‘लिटिल चिल्ड्रेन आर सेक्रेड’ : एका अहवालाचे अर्धे वाचन

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतील आदिवासी बालकांच्या लैंगिक शोषणाविषयीचा ‘लिटिल चिल्ड्रेन आर सेक्रेड’ हा अहवाल जून २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. विधिज्ञ रेक्स वाइल्ड आणि आदिवासी आरोग्यक्षेत्रातील ज्येष्ठ कार्यकर्त्या पॅट अँडरसन यांनी ४५ वस्त्यांना भेटी देऊन तो सिद्ध केला. त्यात ९७ शिफारशी आहेत. प्रस्तुत विवेचन मुख्यतः पहिल्या शिफारशीपुरते मर्यादित आहे, कारण पुढील सारा वाद तिच्यातच बीजरूपाने आढळतो.

ही शिफारस दोन गोष्टी सांगते : हा प्रश्न तातडीचा राष्ट्रीय प्रश्न मानावा, आणि उपाययोजना आखताना आदिवासींशी खरीखुरी सल्लामसलत करावी. हॉवर्ड सरकारने २१ जून २००७ रोजी ‘आणीबाणीचा प्रतिसाद’ जाहीर केला, तो केवळ पहिला भाग वाचून. ७३ वस्त्यांत हस्तक्षेप झाला. लष्कराचे साहाय्य घेतले गेले, कल्याणकारी भत्त्याची निम्मी रक्कम राखून ठेवण्यात आली आणि १९७५ चा वंशभेदविरोधी कायदा या उपायांपुरता बाजूला सारला गेला. बालकांची सक्तीची वैद्यकीय तपासणीही घोषित झाली होती. ती पुढे ऐच्छिक करावी लागली.

येथे सेवेच्या उपलब्धतेचा मूळ प्रश्न उपस्थित होतो. दुर्गम वस्तीत अंतर केवळ मैलांचे नसते. ज्या समाजातील मुले सरकारी यंत्रणेने पिढ्यान्‌पिढ्या आईबापांपासून तोडून नेली (१९९७ च्या ‘ब्रिंगिंग देम होम’ अहवालात हा इतिहास नोंदलेला आहे), त्या समाजातील आई तक्रार घेऊन त्याच यंत्रणेच्या दारात सहजासहजी जाणार नाही. अशा ठिकाणी गणवेशधारी माणसे पाठविल्याने सेवा गावात पोहोचते, परंतु आईच्या दृष्टीने ती अधिकच दूर जाते. दुभाष्यांची तरतूद आणि स्थानिकांचा सहभाग यांवर अहवालाने दिलेला भर म्हणूनच मला शिष्टाचाराचा भाग वाटत नाही. संरक्षणाची ती पूर्वअट आहे.

तथापि सर्व दोष सरकारच्या माथी मारणे योग्य होणार नाही. तातडी आणि सल्लामसलत यांत विरोध उद्भवल्यास कशाने थांबावे, हे पहिली शिफारस सांगत नाही. घाईत असलेल्या वाचकाला त्यामुळे निवडीची मोकळीक मिळाली. लेखकद्वयाची तळमळ निःसंशय आहे, पण ही उणीव लहान नव्हे. बाजूला सारलेला कायदा २०१० मध्ये पुन्हा लागू करण्यात आला. हस्तक्षेपाची जागा २०१२ मध्ये घेणारे कायदे मात्र २०२२ पर्यंत राहिले.