काशीचे तिलिस्म आणि बदनाम ऐयार
देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ १८८८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि हिंदीतल्या अद्भुत कादंबरीला हक्काची भूमी मिळाली. काशीत राहणाऱ्या खत्रींनी (१८६१–१९१३) चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका काशीनरेशांकडून घेतला होता. त्या रानातले धबधबे, गुहा, पडक्या गढ्या त्यांच्या पायाखालच्या होत्या. त्यामुळे नौगढचा वीरेंद्रसिंह, विजयगढची चंद्रकांता आणि चुनारचा शिवदत्त हे कुठल्या काल्पनिक द्वीपावर लढत नाहीत. चुनारचा किल्ला काशीहून थोड्याच अंतरावर गंगेकाठी आजही उभा आहे.

ऐयार (वेशांतर करणारा हेर) आणि तिलिस्म ही सामग्री खत्रींना उर्दू दास्तानांतून, म्हणजे लांबलचक अद्भुत कथांतून मिळाली. लखनौच्या नवलकिशोर प्रेसने ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे खंड १८८० च्या दशकात छापायला सुरुवात केली होती. तिथे जादूगारांचे राज्य आहे. खत्रींनी जादू वगळली. त्यांचे तिलिस्म म्हणजे एखाद्या राजघराण्याने खजिना राखण्यासाठी कारागिरांकडून बांधून घेतलेली वास्तू: कळ दाबली की सरकणारी भिंत, तारांवर हलणारे पुतळे, माणसाला बेशुद्ध करणारा धूर. तिचे रहस्य शेवटी उलगडून सांगायचे, हा त्यांचा आग्रह. पुढची कथा सांगणाऱ्या चोवीस भागांच्या ‘चंद्रकांता संतति’त हे खुलासे काही ठिकाणी कंटाळवाणे होतात, हे खरे. पण भयाला मानवी कर्तृत्वाचा पाया देणारा हा निर्णय त्या काळी फार धाडसाचा होता.

या जगाचा खरा नायक राजपुत्र नव्हे, ऐयार आहे. कमरेला बटवा, त्यात बेशुद्धीची पूड, शुद्धीवर आणणारा लखलखा, चेहरा बदलण्याचे रंग, हाती भिंत चढायची कमंद. पूड हुंगवून शत्रूला गाठोड्यात बांधायचे, त्याचा वेश घ्यायचा आणि त्याच्याच दरबारात जाऊन बसायचे, हे वीरेंद्रसिंहाचा ऐयार तेजसिंह याचे रोजचे काम. चपला आणि चंपा या स्त्रियाही त्यात तितक्याच तरबेज आहेत. पकडलेल्या ऐयाराला ठार करायचे नाही, कैदेत ठेवायचे, असा रिवाज. पंडित जगन्नाथ ज्योतिषी तर रमल टाकून दूरचे पाहणारा. पण हा द्रष्टाही चाकरच. आधी शिवदत्ताच्या पदरी, मग वीरेंद्रसिंहाच्या. ज्ञान स्वतःचे आणि धनी परका, ही त्याची कोंडी खत्रींनी नुसती ओझरती दाखवली. तिथे थांबायला हवे होते, असे वाटत राहते.

ती उणीव भूतनाथ भरून काढतो. ‘संतति’त हा विलक्षण बुद्धीचा ऐयार आपल्याच भूतकाळापासून पळतो आहे. जुनी पत्रे बाहेर पडतात, ओळखीचे चेहरे आरोप घेऊन समोर येतात आणि धाडसी माणूस थरथर कापू लागतो. तिलिस्माच्या सगळ्या भुयारांपेक्षा हा मनातला अंधार अधिक खोल आहे. त्याची पूर्वकथा सांगणाऱ्या ‘भूतनाथ’चे सहा भाग लिहून खत्री गेले, उरलेले पुत्र दुर्गाप्रसाद यांनी पूर्ण केले.

समीक्षेने मात्र दार लावून घेतले. काशीतच बसून हिंदी साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्या रामचंद्र शुक्लांनी खत्रींच्या वाचकप्रियतेचे श्रेय मोकळेपणाने दिले. या कादंबऱ्या वाचता याव्यात म्हणून कित्येकजण हिंदी शिकले, हे त्यांनी नोंदवले. तरी केवळ घटनांचे वैचित्र्य म्हणून त्यांना साहित्याच्या पंक्तीत बसू दिले नाही. कथानकाच्या धावपळीबद्दल शुक्लांचे म्हणणे बरोबर आहे. भूतनाथबद्दल ते अपुरे पडते. मराठीतही हेच घडले. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’पासून (१८६१) चाललेली अद्भुतरम्य कादंबरी हरिभाऊ आपट्यांच्या वास्तवासमोर बाजूला सारली गेली आणि तिच्यातले काय टिकवण्याजोगे होते, याची चौकशी फारशी कोणी केली नाही.

दुर्गाप्रसादांनी वारसा पुढे नेला तो वेगळ्या वाटेने. ‘रक्तमंडल’सारख्या कादंबऱ्यांत ऐयाराच्या जागी गुप्त मंडळातले क्रांतिकारक आले, बटव्याच्या जागी संहारक वैज्ञानिक शोध. राज्यकर्त्यांच्या लेखी गुन्हेगार ठरलेली, पण उद्याचे स्वप्न पाहणारी ही माणसे म्हणजे भूतनाथाचे नवे वंशज. खत्रींच्या कळांचा आणि पुतळ्यांचा पुढचा टप्पा विज्ञानकथाच असणार होता, हे दुर्गाप्रसादांनी अचूक हेरले. दुर्दैवाने ही वाट रुंद झाली नाही. काशीच्या पुढच्या मोठ्या कादंबरीकारांचे मन दुसरीकडे गेले: प्रेमचंद खेड्याकडे आणि समाजाकडे, शिवप्रसाद सिंह ‘नीला चाँद’मध्ये मध्ययुगीन काशीच्या इतिहासाकडे.

१९९४ मध्ये नीरजा गुलेरींच्या दूरदर्शन मालिकेने ‘चंद्रकांता’ घरोघरी नेली. त्यातला खलनायक क्रूरसिंह सगळ्यांना पाठ झाला. मूळ कथा मात्र फारच बदलली आणि खत्रींनी कष्टाने बाहेर काढलेला चमत्कार पडद्यावर परत आला. आजची लोकप्रिय अद्भुत कादंबरी बहुतेक पुराणांच्या आधारावर उभी आहे. तिच्यात देवांचे अवतार आणि निवडलेले वीर पुष्कळ. धन्याविना फिरणारा, अपराधाचे ओझे वाहणारा, अक्कलहुशारीवर जगणारा ऐयार तिच्यात क्वचितच भेटतो. त्याच्यासाठी वाचकाला अजून ‘भूतनाथ’चेच भाग उघडावे लागतात.