गोडसे भटजींचा हिशोब

बोर्ली पंचतनहून पनवेलला जाणारी एसटी म्हसळा, माणगाव करत पेणला येते. पेण तालुक्यातच वरसई आहे. कॉलेजपासून हा रस्ता करतोय, पण वरसईचं नाव मला कळलं गेल्या वर्षी, याच बसमध्ये मोबाइलवर 'माझा प्रवास' वाचताना.

पुस्तक बहुतेकांना '१८५७चा आँखो देखा हाल' म्हणून माहीत असतं. झाशीची राणी, वेढा, तोफा. ते सगळं आहेच. पण मी वाचलं ते प्रवासवर्णन म्हणून, आणि माझं त्यात एक खाजगी काम होतं.

दोन वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली. हातात दोन महिन्यांचा पगार होता. पाठीवर सॅक टाकली आणि बसने निघालो: जैसलमेर, मनाली, रेकाँग पिओहून काझा (दोनशे किलोमीटरला अख्खा दिवस), शेवटी हंपी. परत आल्यावर त्यावर लांबलचक लिहिलं. लोकांना आवडलं. वाळूवरची संध्याकाळ, दरीच्या काठावरून जाणारं चाक, 'स्वतःला शोधणं' वगैरे. त्यात एक गोष्ट नव्हती. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आमची सुपारीची वाडी आडवी झाली होती. नवी रोपं लावायला काढलेल्या कर्जाचा हप्ता मी भरायचो. त्या तीन महिन्यांत तो बाबांनी भरला, कुठून ते मी विचारलं नाही.

विष्णुभट गोडसे निघाले तेव्हा तिशीचे होते. घरावर कर्ज होतं. बायजाबाई शिंदे उत्तरेत मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळेल, असं कानावर आलं म्हणून ते काकांबरोबर निघाले. म्हणजे हे प्रवासाला निघालेलेच नाहीत, कमवायला निघालेत. महूजवळ शिपाई भेटतात, काडतुसांची गोष्ट कळते, पुढे धोका आहे हेही कळतं. तरी पुढे जातात, कारण रिकाम्या हाताने परतणं परवडणारं नसतं. आपल्या बॅकपॅकिंगच्या लेखांत 'का निघालो' याचं उत्तर नेहमी मनाच्या आत कुठेतरी असतं. इथे ते सावकाराकडे आहे, आणि त्यामुळे पुढच्या प्रत्येक पानाला वजन येतं. मिळालेली दक्षिणा, ती लपवणं, ती लुटली जाणं, पुन्हा मिळवणं. पैसे जातात तेव्हा वाचणाऱ्याच्याही पोटात खड्डा पडतो.

१८५८च्या एप्रिलमध्ये झाशी पडली तेव्हा ते शहरातच होते. लूट कशी झाली ते ते सांगतात: आधी सोनंनाणं, मग भांडीकुंडी, मग कपडालत्ता. वाड्यातल्या पुस्तकांचीही वाताहत झाली. हंपीत मी दगडी रथासमोर उभा राहून फोटो काढले. १५६५नंतर त्या शहरातून आधी काय गेलं आणि मग काय, हा प्रश्न मला सुचलाही नाही. अवशेष आपण तयार झाल्यावर बघतो, म्हणून ते सुंदर वाटतात. भटजींनी ते तयार होताना पाहिले.

पुस्तकाला उगाच डोक्यावर घ्यायचं कारण नाही. सोवळ्याओवळ्याचा चष्मा शेवटपर्यंत उतरत नाही. ज्यांच्या हातचं ते खात नाहीत, त्यांच्याकडे बघणंही जवळपास टाळतात. ऐकलेलं आणि पाहिलेलं इतकं मिसळलंय की कुठे थांबून शंका घ्यावी तेच कळत नाही. शिवाय लिहिलंय पंचवीसेक वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. वैद्यांनी १९०७ साली ते छापलं, पण भाषा साफसूफ करून, काही भाग गाळून. मूळ हस्तलिखितावरची दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती यायला १९६६ उजाडलं. कोड लिहिणाऱ्या माणसाला दोन आवृत्त्या दिसल्या की डिफ काढायचा मोह होतोच. मी थोड्या पानांचा काढून पाहिला. वैद्यांकडे गोष्ट सरळ धावते. पोतदारांकडे ती अडखळते, मागे येते, मधेच जेवणावर घसरते, एखादी भानगड चवीने सांगते. सुरुवात करायला वैद्य ठीक, पण माणूस भेटतो तो दुसऱ्या पुस्तकात. अवघड वाटलं तर मोठ्याने वाचा, कोकणातल्या घरच्या बोलण्याचा कान असेल तर पाच पानांत सवय होते.

भटजी जवळजवळ तीन वर्षांनी घरी आले, ते पैसे न घेताच म्हणायला हरकत नाही. खांद्यावर कावड होती, गंगेचं पाणी भरलेली. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं. माझी गंगेवर श्रद्धा नाही, पण तिथे मी फोन खाली ठेवला. एवढी लुटालूट झाली, त्यात ते पाणी कोणालाच नको होतं.

माझा तो जुना लेख अजून आहे तिथेच आहे. परवा त्याचा मसुदा पुन्हा उघडला आणि मनालीच्या आधी एक परिच्छेद घालायला घेतला. पहिल्याच वाक्यात अडलो, कारण हप्त्याचा आकडा माहीत होता, पण बाबांनी ते पैसे कुठून आणले ते माहीत नव्हतं. फोन केला. आधी म्हणाले, "आता कशाला ते?" मग सांगितलं.