रडणारी पृथ्वी आणि ‘आमनी गिरणा’

मागच्या उन्हाळ्यात साक्री तालुक्यातल्या एका वस्तीवर शेळ्यांचा गोठा पाहिला. सावलीसाठी वर जुना फ्लेक्स ताणून बांधला होता, तोही उलटा. मान वाकडी करून वाचावा लागला. दोन तळहातांवर हिरवी पृथ्वी, तिच्या डोळ्यांतून ओघळणारे अश्रू आणि खाली ‘वसुंधरा वाचवा’. गोठ्याच्या मालकाला विचारले, हे चित्र कसे वाटते? तो म्हणाला, “चांगलं आहे भाऊ. दोन पावसाळे झाले, अजून फाटलं नाही.”

पर्यावरणविषयक पोस्टरची इतकी सरळ समीक्षा मी दुसरीकडे ऐकलेली नाही. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीचा थर दिलेले कापड. वसुंधरा वाचवण्याचा संदेश आपण प्लास्टिकवर छापतो आणि त्या संदेशाचा उपयोग होतो तो छप्पर म्हणून.

मी चित्रकलेचा पदवीधर नाही. विशीत धुळ्यात एका पेंटरच्या हाताखाली भिंती रंगवायला लागलो. दोरा मारून रेघा आखायच्या, चुन्याच्या भिंतीवर ऑइलपेंटने अक्षरे काढायची. पुढे फ्लेक्स छापणारी यंत्रे आली आणि ते काम सुटले. तेव्हापासून दुकानात हिशेब लिहितो आणि उरलेल्या वेळात जळगाव-धुळ्याच्या भिंती, एसटी स्टँड, शाळांचे व्हरांडे यांवरची चित्रे टिपून ठेवतो. हा लेख त्या टिपणवह्यांवर उभा आहे. त्यांतून निघणारा निष्कर्ष एका वाक्यात सांगता येतो : आमच्या पोस्टरांत खानदेश नाही.

या चित्रांतले झाड पाहा. तपकिरी दांडा आणि वर हिरवा गोळा. ते निंबाचे नाही, बाभळीचे नाही, पळसाचे नाही, सातपुड्याच्या कोरड्या उतारावर तग धरणाऱ्या अंजनाचेही नाही. नदी निळी आणि दुथडी भरलेली असते. मे महिन्यातली पांझरा ज्याने पाहिली आहे, त्याला हे चित्र दुसऱ्या देशातले वाटावे. जळगावचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, पण चित्रातला सूर्य हसरा असतो.

सर्वांत खटकतो तो पाणीबचतीचा नळ. अर्धवट उघडा नळ आणि त्यातून गळणारा थेंब हे चित्र जिथे नळाला चोवीस तास पाणी असते तिथले आहे. आमच्या शहरांत पाणी काही दिवसांआड येते. दारात निळे ड्रम भरून ठेवलेले असतात. ज्या बाईने पहाटे उठून हंडे भरले, तिला थेंबाचे मोल शिकवणारे पोस्टर तिच्याच भिंतीवर लावणे हा अजाणता केलेला अपमान आहे. पाणी जाते कुठे, हा प्रश्न ते पोस्टर विचारत नाही. रावेर आणि यावल हे केळीचे तालुके केंद्रीय भूजल मंडळाच्या पाहण्यांत ‘अतिशोषित’ म्हणून नोंदले गेले आहेत. बोअरची खोली दाखवणारे एकही चित्र माझ्या वह्यांत नाही. पाणी वाटून घेण्याची रीत तर आमची जुनीच आहे. पांझरेच्या खोऱ्यातल्या फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाळीने फिरायचे. पाटकरी, हवालदार, जागल्या अशी माणसे त्यासाठी नेमलेली असायची. त्या पाटकऱ्याचे चित्रही मला कुठे सापडले नाही.

मग ही रडणारी पृथ्वी आली कुठून? माझ्या मते तिचे मूळ एका छायाचित्रात आहे. ७ डिसेंबर १९७२ रोजी अपोलो १७ मधून अंतराळवीरांनी पृथ्वीचा पूर्ण गोल टिपला. त्याच वर्षी जूनमध्ये स्टॉकहोमला पर्यावरण परिषद झाली होती आणि १९७३ पासून ५ जून हा पर्यावरण दिन पाळला जाऊ लागला. दिवस आणि चित्र जवळपास एकदमच जगभर पोचले. त्या गोलाची बाजूही मांडली पाहिजे. सीमारेषा नसलेली, एकटी पृथ्वी पाहून ‘हे सगळ्यांचे घर आहे’ अशी जाणीव झाली, ती खरीच होती. पण ते छायाचित्र दूरच्या अंतरावरून काढलेले आहे. तिथून माणूस दिसत नाही, विहीर दिसत नाही. त्याच्या नकलांच्या नकला काढताना आपण ते अंतरही उचलले. ‘मानव’ दोषी ठरला आणि कोणीच दोषी उरला नाही.

याउलट एक उदाहरण अमेरिकेतलेच आहे. १९७० च्या पहिल्या वसुंधरा दिनासाठी वॉल्ट केली या व्यंगचित्रकाराने पोस्टर काढले. दोष माणसाचाच, असा त्याचाही आशय. मात्र त्याचे पात्र पोगो उभे आहे ते स्वतःच्या दलदलीत, स्वतःच्या दारातल्या कचऱ्यासमोर. दोष सर्वांवर ठेवला तरी जागा नेमकी ठेवता येते.

आपल्याकडे परिणामकारक ठरलेले चिन्ह म्हणजे कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. तो आरोग्य केंद्राच्या भिंतीवरही असे. म्हणजे चित्र पाहिलेल्या माणसाला कुठे जायचे आणि काय करायचे हे कळत होते. आणीबाणीत त्याच त्रिकोणाची लोकांना धास्ती बसली, हेही विसरता येत नाही. चित्रामागे काय उभे आहे, यावर चित्राची किंमत ठरते.

२ ऑक्टोबर २०२० ला राज्यात ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश ही पंचतत्त्वे शहरांच्या भिंतींवर आली. माझ्या ओळखीच्या एक-दोन रंगाऱ्यांना पुन्हा कामे मिळाली, याचा आनंद झाला. मात्र त्यांना मोबाईलवर आलेला नमुना जसाच्या तसा भिंतीवर उतरवायचा होता. ज्याच्या घरामागून नाला वाहतो, तो माणूस त्याच नाल्याच्या भिंतीवर डॉल्फिन काढत होता.

याच जिल्ह्यातले बारीपाडा या संदर्भात आठवते. साक्री तालुक्यातल्या या गावाने १९९० च्या दशकापासून आपले जंगल राखले. त्या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. गावाने नियम ठरवले, दंड ठरवले आणि ते पाळले. पुढे तिथे वनभाज्यांची स्पर्धा भरू लागली. बाया रानातल्या भाज्या रांधून आणतात आणि कोणती भाजी कशी ओळखायची ते सांगतात. ‘झाडे वाचवा’ या वाक्यात कर्ता नाही, जागा नाही, मोजमाप नाही. गावाच्या नियमात तिन्ही असतात. पोस्टर नियमाची जागा घेऊ शकत नाही, हे मान्य. पण नियमाची नेमकेपणाची सवय त्याला घेता येईल.

आता माझी स्वतःची चूक. काही वर्षांपूर्वी गिरणाकाठच्या एका शाळेत ५ जूनच्या पोस्टर स्पर्धेला मी तिघा परीक्षकांपैकी एक होतो. आठवीतल्या एका मुलीने नदीचे पात्र काढले होते. पात्रात खड्डा, खड्ड्यात ट्रॅक्टर आणि ट्रॉलीत वाळू भरणारी माणसे. काठावर उभी चिरून दाखवलेली विहीर आणि तिच्या आतल्या भिंतीवर तीन रेघा : वरच्या रेघेपाशी ‘आजोबा’, मधल्या रेघेपाशी ‘नाना’, तळाच्या रेघेपाशी ‘मी’. वाळू गेली की नदी पाणी धरून ठेवत नाही आणि काठच्या विहिरी उतरतात, ही गोष्ट तिने तीन रेघांत सांगितली होती. वर अहिराणीत शीर्षक : ‘आमनी गिरणा’.

एका परीक्षकांना शीर्षक अशुद्ध वाटले. दुसऱ्यांचे म्हणणे, “विषय पर्यावरण आहे, ही तर वाळूची बातमी झाली.” मी मुलीला जवळ बोलावून विचारले, हा ट्रॅक्टरवर बसलेला कोण? ती हळूच म्हणाली, “सर, ते माझे नाना आहेत.”

पहिले बक्षीस आम्ही तळहातांवरच्या पृथ्वीला दिले. ‘आमनी गिरणा’ला उत्तेजनार्थही नाही. मी स्वतःला सांगत आलो की, ते चित्र सभागृहात लागले असते तर तिच्या वडिलांना त्रास झाला असता. हे निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे असे की, बक्षीस समारंभाला कोण पाहुणे येणार हे आम्हा तिघांना ठाऊक होते. रडणाऱ्या पृथ्वीवर कोणाचाच आक्षेप नसतो. ती इतकी लोकप्रिय का, याचे उत्तर मला सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकात मिळाले नाही, त्या टेबलावर मिळाले.

त्या मुलीला आम्हा मोठ्यांपेक्षा जास्त कळत होते. तिने वडिलांना खलनायक केले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर घाम काढला होता. ट्रॅक्टर चालवणारा आणि कोरडी विहीर वाट्याला येणारा माणूस एकच आहे, हे चित्रात दिसत होते. चांगल्या पोस्टरने काय करावे याविषयी मी जे वाचले, त्याहून जास्त त्या ड्रॉइंगच्या कागदावर होते.

या लेखासाठी ते चित्र पुन्हा मिळवायला गेलो. शाळेने बक्षीसपात्र चित्रे ठेवली होती, बाकीची रद्दीत गेली होती. म्हणून माझ्या सर्वांत महत्त्वाच्या पुराव्याची प्रत माझ्याकडे नाही, केवळ आठवण आहे. राजवाड्यांनी गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे गोळा केली. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून धुळ्यात आहे. तीनशे वर्षांपूर्वीचा कागद आम्ही जपतो, मागच्या तीस वर्षांतले नदीचे चित्र मात्र आमच्याकडे नाही.

खानदेशातल्या शिक्षकांना एवढीच विनंती करतो. येत्या ५ जूनला स्पर्धा घ्याल तेव्हा विषय ‘पर्यावरण’ असा देऊ नका. नदीचे, नाल्याचे, टेकडीचे नाव द्या. शीर्षक मुलांना त्यांच्या बोलीत लिहू द्या. आणि निकाल लागल्यावर बक्षीस न मिळालेली चित्रे रद्दीत घालू नका. कळवलेत तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन.