आरसा की अभ्यास? : शिशुवानरांच्या मेंदूविकासासंबंधीच्या ‘मिरर न्यूरॉन’ उपपत्तीची चिकित्सा

प्रास्ताविक

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या पश्चिमेस ताम्हिणीचा घाट आहे. घाटातील झाडांवर काळ्या तोंडाच्या वानरांचे कळप आढळतात. आईच्या पोटाला बिलगलेले पिल्लू तिच्या हाताकडे टक लावून पाहते, मग स्वतः पान ओढू जाते; पान निसटते, ते पुन्हा ओढते. पाहणे आणि करणे हे दोन व्यापार या पिल्लाच्या मेंदूत एकमेकांशी कसे जोडले जातात, हा प्रश्न वरवर केवळ प्राणिशास्त्राचा वाटतो. प्रत्यक्षात बालशिक्षण, मानसशास्त्र आणि साहित्यशास्त्र या तिन्ही क्षेत्रांशी त्याचा निकटचा संबंध आहे. या प्रश्नाला गेल्या तीन दशकांत ‘मिरर न्यूरॉन’ म्हणजे ‘आरसा-चेतापेशी’ हे उत्तर दिले गेले. त्या उत्तराची चिकित्सा करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

उपपत्तीचा उगम आणि विस्तार

इटलीतील पार्मा विद्यापीठात जाकोमो रिझोलाती व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. माकडाने स्वतः वस्तू उचलली असता मेंदूच्या पूर्वप्रेरक क्षेत्रातील ज्या पेशी उद्दीपित होतात, त्यांपैकी काही पेशी दुसऱ्याला ती वस्तू उचलताना केवळ पाहिले तरी उद्दीपित होतात, असे त्यांना आढळले. 1996 च्या विस्तृत अभ्यासात दोन माकडांमधील 532 पेशींची नोंद घेण्यात आली. त्यांपैकी 92 पेशी या प्रकारच्या होत्या. निरीक्षण मोलाचे होते, परंतु मर्यादितही होते.

पुढे मात्र या मर्यादित निरीक्षणावर फार मोठी इमारत उभी राहिली. डीएनएने जीवशास्त्रासाठी जे केले ते या पेशी मानसशास्त्रासाठी करतील, असे भाकीत व्ही. एस. रामचंद्रन यांनी 2000 मध्ये केले. सहानुभूती, भाषा, संस्कृती अशा सर्व गोष्टींचे मूळ तेथे शोधले जाऊ लागले. शिक्षकांसमोरील व्याख्यानांतही ‘मुलाच्या मेंदूत आरसा असतो, म्हणून ते पाहून शिकते’ हे वाक्य सिद्ध झालेल्या नियमासारखे उच्चारले जाते. ग्रेगरी हिकॉक यांनी 2014 मध्ये या अतिव्याप्तीवर स्वतंत्र ग्रंथ लिहून आक्षेप नोंदविले. परंतु शिक्षणविषयक चर्चेत त्यांची दखल क्वचितच घेतली जाते.

शिशूंवरील पुरावा

हा आरसा जन्मतःच असतो काय, हा खरा वादविषय आहे. अँड्र्यू मेल्टझॉफ आणि कीथ मूर यांनी 1977 मध्ये असे प्रतिपादन केले की, 12 ते 21 दिवसांची मानवी बालके मोठ्यांचे जीभ बाहेर काढणे, तोंड उघडणे यांचे अनुकरण करतात. पिएर फेरारी आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये र्‍हीसस माकडांच्या पिल्लांतही आयुष्याच्या पहिल्या आठवड्यात असे अनुकरण दिसते असे मांडले. 2012 मध्ये त्यांच्याच गटाने पिल्लांच्या मेंदूतील विद्युत्‌तरंगांची नोंद केली. स्वतः हावभाव करताना आणि दुसऱ्याचा हावभाव पाहताना एका विशिष्ट तरंगाचा जोर कमी होतो, असे त्यांना दिसले.

या पुराव्याला पुढे तडे गेले. 2016 मध्ये यानिन ऊस्टेनब्रुक आणि सहकाऱ्यांनी 106 बालकांचा पहिल्या नऊ आठवड्यांत चार वेळा अभ्यास केला. त्यांना अनुकरणाचा आधार आढळला नाही. बालके जीभ बाहेर काढत होती, पण समोरची व्यक्ती दुसरेच काही करीत असतानाही काढत होती. जोनाथन रेडशॉ यांनी 2019 मध्ये माकडांच्या पिल्लांवरील आधारसामग्रीचे पुनर्विश्लेषण करून तेथेही हाच निष्कर्ष काढला. शिवाय पार्माच्या नोंदी प्रौढ माकडांच्या एकेका पेशीच्या होत्या, तर पिल्लांच्या नोंदी डोक्याच्या त्वचेवरून घेतलेल्या अप्रत्यक्ष तरंगांच्या होत्या. या दोहोंना एकच नाव देणे तर्कदृष्ट्या सैल ठरते.

सर्वांत बोलका पुरावा 2015 मधील आहे. रॉस वँडरवर्ट आणि सहकाऱ्यांनी आईजवळ वाढलेली पिल्ले आणि माणसांनी संगोपनगृहात वाढविलेली पिल्ले यांची तुलना केली. ओठांची चटचट ही माकडांची स्नेहखूण होय. ती पाहताना आईजवळच्या पिल्लांच्या तरंगांतील बदल अधिक ठळक होता. आरसा जन्मजात असून संगोपनाने केवळ उजळतो, असा अर्थ उपपत्तीचे समर्थक यातून काढू शकतात. तथापि एवढे मान्य केले तरी ‘जन्मजात’ या शब्दाचा बराचसा भार संगोपनाकडे सरकतो, हे नाकारता येत नाही.

करण्यातून पाहणे

रिचर्ड हेल्ड आणि जोसेफ बाउअर यांनी 1967 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे आठवावा लागतो. माकडाच्या पिल्लांना जन्मापासून स्वतःचे हात दिसू दिले नाहीत. 35 व्या दिवशी एक हात दृष्टीस पडला, तेव्हा पिल्लू वस्तू पकडण्याऐवजी त्या हाताकडेच दीर्घकाळ पाहत राहिले. हातही होता, दृष्टीही होती. या दोहोंचे नाते तेवढे नव्हते. अशा प्रयोगांनी पिल्लांवर लादलेल्या वंचनेचा नैतिक प्रश्न गंभीर आहे, आणि त्यांचे निष्कर्ष वापरताना तो विसरता येत नाही.

मानवी बालकांबाबत असेच नाते अधिक सौम्य रीतीने दाखविले गेले. जेसिका सॉमरविल, अमांडा वुडवर्ड आणि एमी नीडहॅम यांनी 2005 मध्ये तीन महिन्यांच्या बालकांना खेळणी चिकटतील असे हातमोजे घातले. ज्यांनी आधी स्वतः खेळणी ‘उचलली’, त्यांनाच दुसऱ्याच्या हाताचा हेतू कळू लागल्याची चिन्हे दिसली; ज्यांनी आधी केवळ पाहिले, त्यांना नाही. सेसिलिया हेज यांची मांडणी याच दिशेची आहे: पाहणे आणि करणे वारंवार एकत्र घडल्याने या पेशींना तो गुण प्राप्त होतो.

साहित्यशास्त्रातील समांतर वाद

या वादाचे स्वरूप मराठी समीक्षेच्या अभ्यासकाला अपरिचित वाटू नये. श्रीशंकुकाने रसाला अनुकरण मानले. त्यावर भट्टतौत आणि अभिनवगुप्त यांनी आक्षेप घेतला की, रामाची रती प्रेक्षकाने कधी पाहिलेलीच नाही. मग नटाची चेष्टा तिचे अनुकरण आहे हे त्याला कशावरून कळावे? नवजात शिशूने स्वतःची जीभ कधी पाहिलेली नसते. समोरची जीभ आणि आपली जीभ सारखीच, हे त्याला कसे कळावे? आक्षेपाची घडण दोन्हीकडे एकच आहे.

अभिनवगुप्तानेही मनाला आरसाच म्हटले आहे. परंतु सहृदयाचा ‘मनोमुकुर’ हा त्याच्या मते काव्याच्या अनुशीलनाने, अभ्यासाने निर्मळ होतो. अर्थात हे केवळ विचारघडणीचे साम्य आहे. त्यावरून प्राचीनांना मेंदूविज्ञान अवगत होते असा दावा करणे म्हणजे अतिव्याप्तीचा तोच दोष पुन्हा करणे होय.

मुळशीच्या संदर्भात

या चिकित्सेचा व्यवहाराशी संबंध काय? एकाच मुळशी तालुक्यात हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान केंद्र आहे आणि आंबेमोहोर भात पिकविणाऱ्या वाड्याही आहेत. मूल पाहूनच शिकते असे मानले, तर पाळण्यासमोर पडदा ठेवणे पुरेसे ठरेल. परंतु रेचल बार आणि हार्लीन हेन यांना 1999 मध्ये असे आढळले की, 12 ते 18 महिन्यांची बालके प्रत्यक्ष व्यक्तीकडून जितके उचलतात त्यापेक्षा दूरचित्रवाणीवरून कमी उचलतात. शेताच्या बांधावर चिखलात हात घालून लावणीची नक्कल करणारे मूल आणि पडद्यावरची नक्कल पाहणारे मूल, दोघेही पाहतात. फरक करण्याच्या संधीत असतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये, मेंदूचा 85 टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होतो असे नमूद आहे. हा आकडा घाई करण्यास प्रवृत्त करतो. विकास कशाने होतो हे तो सांगत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात शाळाच मुलांच्या अंगणात आणि गुरे चारण्याच्या कुरणात नेली. मुलाच्या हातांना काम आणि सोबतीला माणूस देण्याची ही दृष्टी आरसा-चेतापेशींच्या शोधाआधीची आहे.

समारोप

आरसा-चेतापेशींचे अस्तित्व प्रस्तुत विवेचन नाकारत नाही. आक्षेप आहे तो ‘आरसा’ या रूपकावर. आरशाला आई लागत नाही, चुकाही कराव्या लागत नाहीत. शिशूच्या मेंदूला दोन्ही लागतात. उपलब्ध पुरावा असे सुचवितो की, दुसऱ्याची कृती कळण्याची क्षमता मुख्यतः स्वतः करण्यातून आणि जवळच्या माणसांच्या प्रतिसादातून घडते. म्हणूनच अंगणवाडीचे मूल्यमापन करताना मुलांना काय दाखविले एवढेच न विचारता, त्यांना काय करू दिले आणि त्या वेळी सोबत कोण होते, हे विचारणे अधिक शास्त्रीय ठरेल.