इळ्याची पाठ आणि धार

चांगला इळा आधी पाठीकडून पाहावा. धारेकडे नजर आपोआप जाते, पण घडवणाऱ्याच्या मनात काय होतं ते पाठ सांगते. माझ्याकडचा इळा अकोट रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसलेल्या एका घिसाडी जोडप्याने सोयाबीन सोंगणीच्या तोंडावर माझ्यासमोर घडवला. मुठीपाशी त्याची पाठ चांगली जाडजूड आहे. तिथून ती निमुळती होत जाते आणि टोकाशी नखाएवढी उरते. ही उतरण कुठेही अडखळत नाही. बोट फिरवलं तर एकही पायरी लागत नाही.

असं का, ते शेतात कळतं. सोंगणारी बाई डाव्या हाताने झाडांची मूठ धरते, उजव्या मनगटाच्या एका हिसक्यात कापते आणि पुढे सरकते. हाच हिसका दिवसभर चालतो. वजन टोकाकडे असतं तर दुपारपर्यंत मनगट भरून आलं असतं. इथे जड भाग हाताजवळ राहतो आणि टोक हलकं, चपळ होतं. बाजारात एकाच जाडीच्या पत्र्यातून छापून काढलेले इळे मिळतात, स्वस्तही असतात. त्यांची पाठ मात्र टोकापर्यंत सारखीच, आणि ते हातात घेताक्षणी जाणवतं.

हा इळा ट्रकच्या कमानपट्ट्याचा आहे. आयुष्यभर खड्डे आणि माल झेललेलं हे पोलाद भंगारात मिळतं, आणि घिसाड्यांइतकी त्याची कदर क्वचितच कोणी करत असेल. त्यात शंभरात साधारण अर्धा ते सहा दशांश भाग कार्बन असतो, जोडीला सिलिकॉन आणि मँगनीज. एवढा कार्बन धार धरायला पुरतो आणि पातं ठिसूळही होत नाही. पट्टा छिन्नीने उभा फाडून घेतला, भट्टीत लाल केला आणि ऐरणीवर आणला.

आता घाव. नवरा डाव्या हातात सांडशी धरून बसलेला, उजव्या हातात लहान हातोडा. समोर बायको उभी, तिच्या हातात घण. घिसाड्यांच्या घरात हे जड काम बाईच करते, आणि ते नुसत्या ताकदीचं काम नाही. नवऱ्याचा हातोडा लोखंडावर जिथे हलका टेकतो, नेमका तिथेच पुढच्या क्षणी घण पडतो. त्याने हातोडा रिकाम्या ऐरणीवर वाजवला की घण थांबतो. मध्ये शब्द नाही. पाठीची ती न अडखळणारी उतरण या दोघांच्या तालातून आलेली आहे. ताल एकदा चुकला असता तर तिथे खळगा पडला असता आणि पुढे तो लपवता आला नसता.

बाकाची गंमत याहून खोल आहे. इळ्याची धार बाकाच्या आतल्या बाजूला असते. ती पातळ करायला ठोकली की त्या बाजूचं लोखंड पसरतं, लांब होतं, आणि पातं आपोआप उघडत सरळ होऊ लागतं. म्हणून धार ठोकण्याआधीच पात्याला हव्या त्यापेक्षा जास्त बाक देतात. त्या वेळी ते वेडंवाकडं, आकड्यासारखं दिसतं. पाहणाऱ्याला वाटावं, बिघडलं. मग धारेवर एकेक घाव पडतो तसतसा बाक सैल होत जातो आणि धार पातळ होऊन संपते तेव्हा आकारही जागेवर आलेला असतो. कागदावर कसलीही रेघ नाही, साचा नाही. किती जास्त वाकवायचं हा हिशेब त्या माणसाच्या नजरेत होता. इळ्याचा बाक मला म्हणूनच इतका देखणा वाटतो: तो धार घडवतानाच सापडलेला आहे.

यानंतरचं काम पाणी देण्याचं, आणि इळ्याचा जीव त्यात आहे. पोलाद केशरीकडे झुकलेल्या लाल रंगापर्यंत तापवायचं, म्हणजे साडेआठशे अंशांच्या आसपास. हा रंग उन्हात कळत नाही, म्हणून भट्टी नेहमी झाडाखाली किंवा पालाच्या सावलीत. तापलेलं पातं पूर्ण पाण्यात बुडवलं तर कमानपट्ट्याचं पोलाद तडकण्याची भीती. त्याचा स्वभाव तेलात विझण्याचा. म्हणून फक्त धारेची बोटभर पट्टी पाण्यात, तीही एका जागी स्थिर न ठेवता वरखाली हलवत, म्हणजे कडक आणि मऊ भागांमध्ये जिथून फट पडेल अशी सरळ रेघ राहत नाही. पाठ अजून लाल आहे, धार काळी आणि काचेसारखी कडक झाली आहे.

इथे जाता जाता खारपाणपट्ट्याबद्दल. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावतीकडच्या कितीतरी गावांत विहिरीचं पाणी खारं. मिठाच्या पाण्यात पोलाद अधिक झपाट्याने विझतं, हे खरं आहे. मीठ वाफेचा पडदा फोडतं. पण त्यासाठी पाण्यात शंभराला पाच ते दहा भाग मीठ लागतं. खारपाणपट्ट्यातलं पाणी माणसाच्या तोंडाला नकोसं असलं तरी त्यात एवढं मीठ नसतं. तिथल्या इळ्यांचं श्रेय विहिरीला देऊ नये, ते हाताचंच आहे.

धार पाण्यातून काढली की विटेच्या तुकड्यावर घासून ती उजळायची आणि वाट पाहायची. पाठीत कोंडलेली उष्णता आता धारेकडे चालू लागते. उजळलेल्या पोलादावर आधी गवती पिवळा रंग येतो, सव्वादोनशे अंशांच्या सुमाराला. मग तपकिरी, मग जांभळा, आणि तीनशेपाशी निळा. हे रंग पाठीकडून धारेकडे लाटेसारखे सरकतात आणि प्रत्येक रंगाबरोबर कडकपणा थोडा उतरतो. पिवळ्यावर थांबवलं तर धार जास्त कडक राहील, दगडावर लागली की तुकडा उडेल. निळा पार होऊ दिला तर धार टिकणार नाही. आमच्या माणसाने तपकिरी जांभळा होताना पाहिला आणि सगळं पातं पाण्यात टाकलं. एवढाच कडकपणा का? कारण ही धार शेतात बांधावर बसून कानशीने लावायची आहे. कानस जिच्यावर घसरेल अशी धार सोंगणाऱ्या बाईच्या काय कामाची? कडकपणा कुठे थांबवायचा, याचा निर्णय धार कशी वापरली जाणार हे पाहून घेतला आहे. इळ्यातली सगळ्यात मोठी कारागिरी मला या थांबण्यात दिसते. जितकं कडक करता आलं असतं तितकं केलं नाही, आणि जिथे कडक केलं ती जागा बोटभर. बाकीचं सगळं पातं मऊ, दणका सोसणारं.

जगात हौशी कारागीर टायटॅनियमच्या सुऱ्याही हाताने करतात, हॅक्सॉ, कानस आणि पॉलिश पेपर एवढ्याच हत्यारांवर. त्यांच्या कामाशेजारी हा इळा ठेवला की दोन्हींचा स्वभाव नीट उलगडतो. टायटॅनियम पोलादाच्या निम्म्याहून थोडं जास्त वजनाचं. समुद्राच्या पाण्यातही गंजत नाही, चुंबकाला ओढलं जात नाही, म्हणून पाणबुड्यांच्या आणि सुरुंग काढणाऱ्यांच्या सुऱ्या त्याच्या असतात. पण त्याच्या नेहमीच्या मिश्रधातूला, ज्यात सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असतं, पोलादाच्या सुरीइतकी कडक धार येत नाही. कार्बन पोटात घेऊन पाण्यात कडक होणं हा पोलादाचा गुण त्याच्यात नाही. उघड्या भट्टीत फार तापवलं तर ते हवेतला प्राणवायू शोषून वरून ठिसूळ होतं. त्यामुळे ती सुरी कापून आणि घासूनच करायची. कारागिराच्या हातात एकच गोष्ट उरते, आकार. आणि एवढ्यावर जे चांगली सुरी करतात त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

रंगांच्या बाबतीत मात्र दोघांचं नातं सख्खं आहे. टायटॅनियमवर तापवून किंवा वीज सोडून सोनेरी, जांभळे, निळे रंग आणतात. ते रंग आणि इळ्यावर सरकलेले रंग एकाच कारणाने दिसतात: धातूवर चढलेला ऑक्साइडचा अतिपातळ थर आणि त्यातून परतणारा प्रकाश. थर जाड होईल तसा रंग बदलतो. टायटॅनियमच्या सुरीवर तो शोभेसाठी राखला जातो. घिसाड्यासाठी तो मोजमाप आहे, आणि काम झालं की कानशीखाली पुसला जातो. माझ्या इळ्यावर पात्याच्या मध्यावर निळसर पट्टा अजून टिकून आहे. तिथपर्यंत कानस कधी पोचत नाही.

मूठ बाभळीची. पात्याचा मागचा निमुळता गज लाल करून लाकडात ठोकला, धूर निघाला, गजाने आपली जागा स्वतः जाळून घेतली, आणि तोंडाशी लोखंडी कडं बसलं. पातं आणि दांडा एकत्र कसे धरून ठेवायचे, हा प्रश्न विदर्भाने फार पूर्वी हातात घेतलेला आहे. नागपूरजवळच्या माहुरझरीच्या शिळावर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या. विदर्भातल्या अशा कुऱ्हाडींवर दांडा आवळून धरणाऱ्या आडव्या लोखंडी पट्ट्या असतात. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच उत्खननात सापडली, इसवीसनाच्या सहा-सातशे वर्षं आधीची. आपल्या अमरावती जिल्ह्यात, पूर्णेच्या खोऱ्यातल्या फुपगावला त्या लोहयुगातली वस्ती उजेडात आली आहे. घिसाडी स्वतःला राजस्थानातून आलेले सांगतात, तेव्हा ही परंपरा रक्ताची म्हणता येणार नाही. पण या काळ्या मातीला लोखंडाची गरज तेव्हापासून आहे आणि ती भागवणारे हात इथे कोणी ना कोणी आणत आले.

सरकारी यादीत घिसाडी भटक्या जमातींत आहेत. त्यांच्या या कसबाची नोंद कुठल्या अभ्यासक्रमात व्हावी असं मला फार वाटतं. पाणी देताना पोलादाच्या आत काय होतं ते आपण अभियांत्रिकीच्या पुस्तकांत शिकवतो, आणि तेच काम तापमापकाशिवाय, रंग पाहून करणाऱ्या बाईला आणि माणसाला एकदाही वर्गात बोलावत नाही. अमरावतीला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, गावोगावी आयटीआय आहेत. एका दुपारी तिथल्या झाडाखाली भट्टी लावायला कितीसा खर्च येईल!

इळा झिजला की तो पुन्हा त्यांच्याकडे जातो. तापवून धार परत ठोकायची, बाक पुन्हा थोडा जास्त घ्यायचा, पुन्हा पाणी द्यायचं. प्रत्येक फेरीला पातं अरुंद होतं आणि बाक किंचित बदलतो, त्यामुळे पाच-सहा हंगाम वापरलेला इळा त्या हाताचा होऊन बसतो. दुसरीच्या हातात दिला तर तिला तो परका लागतो. सोंगणीला येणाऱ्या बाया घरून आपापला इळा घेऊन येतात, मालकाचा घेत नाहीत.