बशीतली गाठ आणि माणसातली गाठ

कर्करोगाच्या नव्या उपचारांवरील लेखांत अलीकडे 'ऑर्गनॉइड' हा शब्द वारंवार भेटतो. रुग्णाच्या गाठीचा तुकडा घ्यायचा, त्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, त्यांवर निरनिराळी औषधे वापरून पाहायची आणि लागू पडेल ते रुग्णाला द्यायचे, अशी ही कल्पना. या पेशीसमूहाला सर्रास 'रुग्णाची प्रतिकृती' म्हटले जाते. आमचा आक्षेप आहे तो या शब्दाला.

मूळ काम मोलाचेच आहे. २००९ साली नेदरलँड्समध्ये तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांनी उंदराच्या आतड्यातील एका मूलपेशीपासून आतड्याच्या अस्तराची इवलीशी रचना वाढवली. जेलीसारख्या पदार्थात योग्य वाढघटक मिळाले की पेशी आपणहून मूळच्या मांडणीत रचल्या जातात, हे दिसून आले. हीच रीत पुढे कर्करोगाच्या गाठींना लावली गेली. पचनसंस्थेच्या पसरलेल्या कर्करोगांवरील लंडनच्या अभ्यासात (२०१८) ऑर्गनॉइडवर निकामी ठरलेली औषधे रुग्णांतही निकामी ठरली. ऑर्गनॉइडवर चाललेली औषधे रुग्णांत ८८ टक्के वेळा चालली.

बहुतेक लेख इथेच थांबतात. पण ही तुलना होती. ऑर्गनॉइड पाहून उपचार ठरवलेले नव्हते. २०१९ च्या डच अभ्यासात मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील इरिनोटेकॅन या औषधाचे भाकीत ८० टक्क्यांहून अधिक रुग्णांत जुळले, दुसऱ्या एका औषधजोडीचे मात्र जुळले नाही. त्याच देशात पुढे निकालानुसार औषध देऊन पाहिले गेले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ५४ पैकी ३१ रुग्णांचेच ऑर्गनॉइड वाढले. सहा रुग्णांना त्यानुसार औषध मिळाले; एकाचीही गाठ लक्षणीय आकसली नाही.

असे का व्हावे? लघवीच्या 'कल्चर' तपासणीचे उदाहरण वर्गात उपयोगी पडेल. तिथे जंतू परका असतो. तो बशीत मेला तर शरीरातही मरेल, असे बरेचसे धरता येते. गाठ मात्र शरीराचाच भाग असते. तिच्यात रक्तवाहिन्या असतात, प्रतिकारपेशी असतात, आणि औषध तिच्यापर्यंत पोहोचण्याआधी यकृत त्याचे रूप बदलू शकते. नेहमीच्या ऑर्गनॉइडमध्ये यांपैकी काहीच नसते. शिवाय तुकडा गाठीच्या एका कोपऱ्यातला. दुसऱ्या कोपऱ्यातील पेशी वेगळ्या असू शकतात.

शब्दांचा हा कीस आम्ही काढतो, कारण 'प्रतिकृती' हा शब्द वाचून मालवणातले एखादे कुटुंब दागिने गहाण टाकू शकते. शिक्षकाकडे कात्रण घेऊन कोणी आले, तर तीन प्रश्न विचारायला सांगावे. भाकीत किती रुग्णांत पडताळले? निकालानुसार उपचार घेतलेले रुग्ण इतरांपेक्षा अधिक जगले का? निकाल हाती येईपर्यंत थांबणे रुग्णाला परवडेल का?

टाटा स्मारक केंद्राने रत्नागिरी-सिंधुदुर्गात २००३ पासून गावोगावी कर्करोग तपासणीचा उपक्रम चालवला. स्तन, गर्भाशयमुख आणि तोंड यांचे कर्करोग लवकर सापडले तर प्रस्थापित उपचारांनीच बरे होण्याची शक्यता पुष्कळ वाढते. ऑर्गनॉइडवरील संशोधन जोमाने व्हावे. मात्र त्याचे कौतुक करणाऱ्या प्रत्येक लेखात त्या सहा रुग्णांचाही उल्लेख असावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.