ड्रोन उडवतो कोण?

प्रयोगशाळेच्या साहित्यासाठी मिळणाऱ्या तुटपुंज्या रकमेतून एखादा छोटा कॅमेरावाला ड्रोन घ्यावा का, असा प्रश्न आता अनेक शाळांपुढे येतो. नवशिक्यालाही तो पहिल्याच दिवशी उडवता येतो, अशी जाहिरात असते आणि ती बहुतांशी खरी असते. पण उडवणे इतके सोपे झाले, तर विद्यार्थ्याला शिकायला काय उरते? शाळेच्या दृष्टीने यंत्राची परीक्षा व्हायला हवी ती इथे.

नमुना म्हणून २०१८ साली बाजारात आलेला 'टेलो' हा ड्रोन घेऊ. बॅटरी व पंख्यांसह वजन सुमारे ८० ग्रॅम, ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि एका बॅटरीवर जास्तीत जास्त १३ मिनिटांचे उड्डाण. फेब्रुवारी २०२२ मध्ये भारत सरकारने परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. तेव्हा हाच ड्रोन विकत घ्यावा, असे आम्ही सुचवत नाही. पण नवशिक्यांसाठी बनवलेल्या ड्रोनचे गुणदोष त्याच्यात स्वच्छ दिसतात.

प्रथम गुण पाहू. चार पंख्यांचे यान ही कल्पना जुनी आहे. एतिएन एमिशेन या फ्रेंच अभियंत्याने मे १९२४ मध्ये चार मोठ्या पंख्यांच्या यानातून एक किलोमीटरची फेरी पूर्ण केली होती. तरीही ही रचना मागे पडली, कारण असे यान हवेत सतत कलत असते आणि तोल सावरणे माणसाला फार जड जाते. आज हे काम नखाएवढे संवेदक आणि एक छोटा संगणक मिळून करतात. टेलोच्या पोटाशी आणखी एक कॅमेरा आणि अवरक्त किरणांचा संवेदक आहे. कॅमेरा खालच्या जमिनीवरील खुणा पाहतो आणि त्या सरकल्या की ड्रोन पूर्वीच्या जागी येतो. म्हणून बोट उचलले तरी तो हवेत स्तब्ध राहतो.

दोष याच गुणाच्या पोटात आहे. विद्यार्थी पडद्यावर बोट फिरवतो, म्हणजे फक्त इच्छा व्यक्त करतो. उड्डाण यंत्र करते. आठवडाभरात नवलाई ओसरते आणि ड्रोन कपाटात जातो. पुढे तो बाहेर निघतो तो स्नेहसंमेलनाच्या चित्रीकरणासाठी!

यावर उपाय शिक्षकाच्या हाती आहे. यंत्र जे लपवते ते उघड करावे. सतरंजीवर स्थिर राहणारा ड्रोन एकरंगी, चकचकीत फरशीवर किंवा अंधुक उजेडात न्यावा. खुणा दिसेनाशा झाल्या की तो भरकटू लागतो. असे का झाले, याचे उत्तर मुलांनाच शोधू द्यावे. टेलोला संगणकावरून आज्ञाही देता येतात. 'शंभर सेंटीमीटर पुढे जा' ही आज्ञा दहा वेळा द्यावी, दर वेळी तो कुठे उतरला ते खडूने दाखवावे आणि अंतरे मोजावीत. दहा खुणा एका जागी पडणार नाहीत. पडद्यावरचा आकडा आणि मोजपट्टीवरचा आकडा यांतला हा फरक पाहणे, हा मापनातील त्रुटीचा उत्तम धडा आहे.

दुसरा प्रश्न ऊर्जेचा. टेलोची बॅटरी १.१ अँपिअर-तास आणि ३.८ व्होल्टची, म्हणजे सुमारे ४.२ वॉट-तासांची आहे. ती १३ मिनिटांत संपते असे धरले, तर सरासरी शक्ती सुमारे १९ वॉट येते. आता पंख्यांकडे पाहू. प्रत्येकाचा व्यास ३ इंच, म्हणून चार पंख्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे १८० चौरस सेंटीमीटर. न्यूटनच्या नियमांनुसार हिशेब केला, तर ८० ग्रॅम वजन तोलण्यासाठी दर सेकंदाला सुमारे ९० ग्रॅम हवा सेकंदाला साडेआठ मीटर वेगाने खाली ढकलावी लागते. म्हणजे ड्रोन दर सेकंदाला स्वतःच्या वजनाहून जास्त हवा खाली लोटतो! त्यासाठी आदर्श स्थितीत लागणारी शक्ती मात्र जेमतेम साडेतीन वॉट आहे. उरलेले पंधरा वॉट कुठे गेले? पात्यांचे घर्षण, मोटारींतील उष्णता, कॅमेरा, संगणक. अकरावीच्या विद्यार्थ्याला हा हिशेब जमावा. तो केला तर १३ मिनिटांचे उड्डाण हा जाहिरातीतला आकडा राहत नाही, ते भौतिकशास्त्र होते.

कॅमेऱ्याबद्दल आमचे मत फारसे अनुकूल नाही. चित्रे बरी येतात, पण मुख्य कॅमेरा पुढे रोखलेला आणि पक्का बसवलेला आहे. तो सरळ खाली पाहत नाही. त्यामुळे शाळेच्या आवाराचा नकाशा करणे, झाडे मोजणे यांसारखे जे उपक्रम सर्वांत आधी सुचतात, तेच त्याच्याने नीट होत नाहीत. चलच्चित्र मोबाइलमध्ये साठते, ड्रोनमध्ये नाही. संपर्क तुटला की चित्रणही तुटते. शिवाय इतके हलके यंत्र वाऱ्याच्या झुळकीपुढे टिकत नाही. सभागृह हेच त्याचे खरे मैदान.

खरेदी करताना म्हणून चार गोष्टी विचाराव्यात. कॅमेरा खाली वळतो का? आज्ञावली लिहून उडवता येतो का? सुटे पंखे आणि पंख्यांची कुंपणे मिळतात का? जादा बॅटऱ्या केवढ्याला पडतात? चौथा प्रश्न क्षुल्लक नाही. एक बॅटरी आणि चाळीस मुले असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला वीस सेकंदही येत नाहीत. मग धीट मुले उडवतात आणि बाकीची पाहतात. कॅमेऱ्यावरचा खर्च कमी करून बॅटऱ्या वाढवणे शाळेच्या हिताचे आहे.

नियमही पाहावेत. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' गटात येतो आणि तो उडवायला वैमानिकाचा परवाना लागत नाही. पण हवाई क्षेत्राच्या सरकारी नकाशातील लाल भागात परवानगीशिवाय तोही उडवता येत नाही. शेजाऱ्याच्या गच्चीत कॅमेरा डोकावू नये, हे तर नियम नसता तरी मुलांना शिकवायलाच हवे.

सारांश, ड्रोन हे शाळेसाठी वाईट साहित्य नाही. अपुरे साहित्य आहे. त्यासोबत मोजपट्टी, खडू, तराजू आणि प्रश्न विचारणारा शिक्षक हवा. हे चारही असतील तर जरूर घ्यावा. नसतील तर तेवढ्याच रकमेत साधे तराजू आणि विद्युतमापक घ्यावेत. त्यांतून मुले अधिक शिकतील.